वाचकांचे प्रश्न : डंजनच्या भिंती रंगवताना

टेबलावर मांडून खेळायच्या कल्पनारम्य खेळांविषयी या सदराकडे अधूनमधून पत्रे येत असतात. या महिन्यातली पत्रे मात्र जवळजवळ सगळी एकाच कामाविषयी आहेत, ते म्हणजे डंजनच्या, अर्थात भुयारांच्या आणि अंधारकोठड्यांच्या, भिंती व फरश्या घरी तयार करून रंगवणे. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाल्यापासून हा छंद वाढत गेला. आज त्यात साधारणपणे एक इंच म्हणजे पाच फूट असे प्रमाण धरतात, माणसांची मिनिएचर, म्हणजे छोट्या प्रतिकृती, २८ ते ३२ मिलिमीटरच्या आसपास उंचीची असतात आणि भुयाराचे सुटे तुकडे जोडून खेळाची जागा मांडली जाते. पत्रे अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतची आहेत आणि बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी आपली दमट हवा आहे, त्यामुळे उत्तरेही त्या हवेचा विचार करूनच दिली आहेत.

प्रश्न : थर्माकोलच्या भिंती कापून त्यांवर दगड कोरले आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या काळ्या स्प्रेने अस्तर दिले. थोड्याच वेळात कडा खचल्या आणि सगळीकडे खड्डे पडले. स्प्रे निकृष्ट होता का? या भिंती आता टाकूनच द्याव्यात का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : स्प्रे चांगल्या प्रतीचा असता तरी हेच झाले असते. थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन, आणि स्प्रेच्या डब्यातील रंग ज्या द्रावकात पातळ केलेला असतो तो द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवतो. इन्सुलेशनसाठी मिळणारे निळे किंवा गुलाबी घट्ट बोर्ड अधिक बारीक कणांचे असतात, त्यांवर कोरीव काम सुबक उठते, पण तेही पॉलिस्टायरीनच असल्यामुळे स्प्रेपुढे त्यांची तीच गत होते. चपला चिकटवण्याच्या रबरी सोल्युशननेही थर्माकोल असाच खाल्ला जातो. म्हणून तुकडे जोडण्यासाठी साधा पांढरा फेविकॉलच वापरावा.

अस्तरासाठी पांढरा फेविकॉल, काळा ॲक्रिलिक रंग आणि ब्रश सहज फिरेल इतकेच पाणी असे मिश्रण करावे. त्याचा पहिला हात देताना ब्रश दरजांमध्ये उभा टेकवून रंग आत ढकलावा, कारण पांढरा ठिपका राहतो तो नेहमी दरजेतच. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावरच द्यावा. वाळला की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून बोटांची मागची बाजू भिंतीला लावून पाहावी. गार लागली, तर पाणी अजून उडते आहे असे समजावे. असे दोन हात दिल्यावर स्प्रे चालतो असे काही जण सांगतात, परंतु टाचणीच्या टोकाएवढी जागा उघडी राहिली तरी द्रावक तिथून आत शिरतो आणि बाहेरून धड दिसणारी भिंत आतून पोकळ होते. थर्माकोलच्या कामात स्प्रेला अजिबात स्थान नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिघडलेल्या भिंती मात्र टाकू नका. द्रावकाने खाल्लेला पृष्ठभाग हा जांभ्याच्या सच्छिद्र पृष्ठभागाच्या फार जवळ जातो, आणि तो मुद्दाम मिळवण्यासाठी काही कारागीर मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून, लांबून स्प्रेचा ओझरता फवारा मारतातही. खोलीत दारे लावून हा प्रयोग कोणीही करू नये. तुमच्या भिंतींवर वर सांगितलेले मिश्रण दोनदा लावा आणि जांभ्याच्या रंगासाठी खालचे सावंतवाडीच्या पत्राचे उत्तर पाहा.

प्रश्न : काळे अस्तर, त्यावर गडद राखाडी आणि मग फिकट राखाडी असा कोरडा ब्रश फिरवला. काम नीटनेटके झाले आहे, तरी भुयार जुने वाटत नाही. नव्या सिमेंटच्या गिलाव्यासारखे दिसते. माझ्या राखाडी छटा चुकल्या का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : छटा चुकलेल्या नाहीत. ब्रशवरचा बहुतेक रंग पुठ्ठ्यावर पुसून टाकून उरलेला रंग पृष्ठभागावरून हलकेच फिरवला, की तो फक्त उंचवट्यांना लागतो, हे या पद्धतीचे बळ आहे आणि हीच तिची मर्यादाही आहे. कारण तो वरच्या थरातल्या दगडाला, खालच्या थरातल्या दगडाला, दारालगतच्या आणि कोपऱ्यातल्या दगडाला सारखाच लागतो. खऱ्या भिंतीत कुठलेही दोन दगड सारखे जुने होत नाहीत, आणि त्यांच्यातला फरक बहुतांशी पाण्याने केलेला असतो. तेव्हा ब्रश हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी: या भुयारात पाणी कुठून येते, कुठून वाहते आणि कुठे साचते. हे ठरले की कुठला रंग कुठे लावायचा याचा निम्मा प्रश्न सुटतो.

तुम्ही रत्नागिरीत राहता, तेव्हा नमुना शोधायला फार लांब जावे लागणार नाही. पाऊस उघडल्यावर एखाद्या जुन्या गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी) किंवा परसातल्या विहिरीच्या काठाशी पाच मिनिटे उभे राहून पाहा. वरच्या थरावर शेवाळ हिरवेगार असते आणि तेच शेवाळ दिवाळीनंतर वाळून काळे पडते. उन्हाळ्यात आपल्याकडच्या भिंती काळपट दिसतात त्या बऱ्याच अंशी त्यामुळे. पागोळ्यांचे पाणी जिथे पडते तिथे मातीचे शिंतोडे उडून भिंतीचा खालचा पट्टा तांबूस झालेला असतो. त्याच्याही खाली जमिनीतून ओल चढलेली असते. तिची वरची कड सरळ नसून कुठे वीतभर, तर कुठे हातभर चढलेली दिसते. ही वेडीवाकडी कड रंगात उतरवता आली तर भिंत लगेच जुनी वाटू लागते.

त्यासाठी बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि किंचित काळा यांचे एक भाग रंगाला सात-आठ भाग पाणी असे पातळ पाणी करावे आणि ते भिंतीच्या खालच्या तिसऱ्या भागात सोडावे. मग रंग ओला असतानाच दुसऱ्या, केवळ पाण्याने भिजवलेल्या ब्रशने त्याची वरची कड ठिकठिकाणी वर ओढावी, म्हणजे सरळ रेघ उरत नाही. पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एखादाच थेंब घातला तर पृष्ठताण कमी होऊन रंग दरजांमध्ये सहज उतरतो आणि दगडाच्या माथ्यावर वाळून गोल डाग पाडत नाही. साबण जास्त झाला तर फेस होतो आणि फेसाचे बुडबुडे वाळून वलये उरतात, तेव्हा हात आवरता घ्यावा.

आता एक गोष्ट, जी विकतची सुंदर डंजन रंगवणारेही विसरतात. शेवाळाला उजेड लागतो. भुयाराच्या तोंडाशी, पायऱ्यांवर, छतातल्या झरोक्याखाली हिरवा रंग अवश्य द्यावा, पण चार दालने ओलांडून आत गेल्यावर कोपऱ्याकोपऱ्यांत हिरवळ दाखवली, तर ती केवळ हिरवा रंग शिल्लक होता म्हणून लावल्यासारखी वाटते. आत खोलवर पाण्याच्या खुणा निराळ्या असतात. दरजांमधला चुना पाण्याबरोबर पाझरतो आणि पाणी उडून गेल्यावर भिंतीवर पांढरट ओघळ मागे राहतात. ते दाखवण्यासाठी पांढऱ्यात थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळून, दरजेपाशी दाट आणि खाली येता येता नाहीसा होणारा असा ओघळ ओढावा. लोखंडी कड्या आणि गज यांच्या खाली गंजाचा ओघळ बर्न्ट सिएनाने (तांबूस तपकिरी रंगाने) द्यावा. तो खालीच जाईल, बाजूला पसरणार नाही. मशालीच्या वरची काजळी हा एकच डाग असा आहे, की जो वर जातो, आणि म्हणून तो कोरड्या काळ्या ब्रशने खालून वर, पंख्याच्या आकारात पसरवावा. फरशीचा मधला भाग पावलांनी घासून फिकट व गुळगुळीत होतो आणि कचरा भिंतीकडेला जातो, हे लक्षात ठेवले की फरशीविषयी वेगळे सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

कामाचा क्रमही थोडा बदला. गडद राखाडीचा कोरडा ब्रश आधी, त्यावर पातळ रंगाचे पाणी, ते वाळल्यावर ओघळ, आणि सर्वांत शेवटी फिकट राखाडीचा अगदी पुसट हात, तोही फक्त जिथे भिंत कोरडी आहे असे तुम्ही ठरवले आहे तिथेच. ओलीच्या पट्ट्यावर हा शेवटचा हात फिरवला तर आधीची सगळी मेहनत झाकली जाते.

समुद्राकडेची गुहा किंवा पाण्यातल्या किल्ल्याचे तळघर करायचे असेल, तर मुरूडजवळच्या समुद्रातल्या पद्मदुर्गाचा तट जवळून पाहावा. तिथे लाटांच्या खाऱ्या पाण्याने दगड झिजून आत गेले आहेत आणि त्यांच्या मधला चुना मात्र जागच्या जागी टिकून राहिल्यामुळे दरजा दगडांपेक्षा वर उचललेल्या दिसतात. आपण नेहमी दरज खोल कोरतो. इथे दगडाचाच मधला भाग चमच्याच्या पाठीने दाबून खोलगट करायचा आणि दरज उंच ठेवायची. मग कोरडा ब्रश आपोआप दरजांना लागतो आणि काळसर दगडांवर फिकट चुन्याची जाळी उभी राहते. कुठल्याही तयार साच्यात न मिळणारी अशी ही भिंत आहे.

प्रश्न : आमच्याकडची जुनी घरे, विहिरी, देवळांचे गडगे सगळे जांभ्याचे, म्हणून मी डंजनही जांभ्याचे केले. परंतु चिरे (जांभ्याचे कापीव दगड) खरे वाटत नाहीत, आणि तांबड्या भिंतींपुढे माझी मिनिएचर हरवून जातात. (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : कल्पना मला फार आवडली. परदेशी नमुन्यांतले राखाडी डंजन पाहून पाहून आपल्याला दगड म्हणजे राखाडीच असे वाटू लागले आहे.

चिरे खरे न वाटण्याचे कारण पत्रासोबतच्या छायाचित्रात दिसते, आणि ते रंगाचे नसून मापाचे आहे. एक इंच म्हणजे पाच फूट धरले, तर एक फूट म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटर. तुम्ही एकेक इंच लांबीचे चिरे कोरले आहेत, म्हणजे प्रत्येक चिरा पाच फुटांचा झाला, आणि तो खाणीतून काढून गड्याने डोक्यावर कसा आणला हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात नकळत उभा राहतो. चिऱ्याची लांबी सहा-सात मिलिमीटर आणि उंची त्याच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. एवढे बारीक कोरायचा कंटाळा येत असेल, तर काही भागावर गिलावा आहे आणि तो जिथे पडला आहे तिथेच चिरे दिसतात असे दाखवावे; काम वाचते आणि भिंतही जुनी दिसते.

जांभ्याची छिद्रे शाई संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने आणि टूथपिकने मिळून करावीत, म्हणजे ती एका मापाची होत नाहीत. रंगाच्या बाबतीत सर्वांत मोठा मोह तांबड्याचा असतो. जांभ्यात लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे असतात, त्यामुळे खाणीतून नुकताच काढलेला चिरा तांबडा-पिवळा दिसतो हे खरे. तेव्हा तो मऊही असतो आणि हवेत राहून टणक होतो. परंतु वर्षानुवर्षे पाऊस खाल्लेला जांभा तपकिरी, जांभळट आणि काळा असा मिश्र असतो. म्हणून खालचा रंग बर्न्ट अंबरमध्ये थोडा बर्न्ट सिएना घालून करावा, त्यावर सिएना आणि ऑकरचा कोरडा ब्रश फिरवावा, छिद्रांमध्ये काळसर पाणी सोडावे आणि काही मोजक्या चिऱ्यांवरच ऑकरचे ठिपके द्यावेत. निव्वळ लाल रंगाची ट्यूब या कामात उघडूच नये.

मिनिएचर हरवून जाण्याचा उपायही यातच आहे. भिंत ही पार्श्वभूमी आहे. तिच्यातला सर्वांत उजळ रंग मिनिएचरच्या सर्वांत उजळ रंगापेक्षा मंद असला पाहिजे आणि तिच्यातला सर्वांत झगझगीत रंगही तसाच. तुमच्याच गावची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, पाहा. दशावतारी गंजिफेच्या १२० पानांत एकेका अवताराचा एक अशा दहा गटांची प्रत्येकी बारा पाने असतात, आणि प्रत्येक अवताराच्या पानांची पार्श्वभूमी एकरंगी ठेवलेली असल्यामुळे तळहाताएवढ्याही नसलेल्या पानावरची आकृती चटकन ओळखू येते. चित्रकारांनी पार्श्वभूमीवर जो संयम ठेवला तो आपणही ठेवावा. पडताळा घ्यायचा असेल तर ज्या दिव्याखाली खेळता त्याच दिव्याखाली भिंतीपुढे मिनिएचर ठेवून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढा. त्यात मिनिएचरची बाह्यरेषा सुटून दिसली नाही, तर भिंतीवर काळसर तपकिरी पाण्याचा आणखी एक हात द्यावा. फरशीही जांभ्याचीच हवी असे नाही. काळ्या दगडाची फरशी आणि जांभ्याच्या भिंती अशी जोडी केली तर मिनिएचर जिथे उभी राहतात ती जागा शांत राहते.

प्रश्न : फरशीला खरखरीतपणा यावा म्हणून किनाऱ्यावरची वाळू फेविकॉलने चिकटवून वर रंग दिला. मे महिन्यात सगळे छान होते. पावसाळ्यात फरशी चिकट लागू लागली आणि ऑक्टोबरमध्ये रंगावर पांढरी पूड फुलली. ही बुरशी आहे का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : पांढरी पूड कोरडी आणि कणीदार असेल तर ती बुरशी नसून मीठ आहे. ओल्या बोटाला घेऊन पाहिल्यास ती विरघळून नाहीशी होते. बुरशी तशी होत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळू लागते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. त्या काळात तुमच्या रंगाखाली मिठाचे पाणी होत होते, म्हणून फरशी चिकट लागत होती. हवा कोरडी झाल्यावर ते पाणी रंगाच्या थरातून वर आले आणि मीठ पृष्ठभागावर स्फटिक होऊन बसले.

झालेल्या फरशीवरची पूड ओल्या फडक्याने पुसून, ती नीट वाळवून, पुन्हा रंग देता येईल, पण मीठ आतच असल्यामुळे पुढच्या वर्षी ते पुन्हा वर येण्याची शक्यता मोठी आहे, हे गृहीत धरावे. नव्या कामासाठी वाळू बादलीत गोडे पाणी घेऊन ढवळावी, पाणी ओतून टाकावे आणि पाण्याची चव खारट लागेनाशी होईपर्यंत हे करत राहावे. मग कढईत भाजून किंवा कडक उन्हात वाळवून चाळावी. शिंपल्यांचे मोठे कण चाळणीत निघून जातात, आणि ते जायलाच हवेत, कारण आपल्या मापात त्यांचे दगड नव्हे तर शिळा होतात. नदीची बारीक वाळू किंवा चिरे कापताना पडणारा भुसा मिळाला तर धुण्याचा हा खटाटोप बराच कमी होतो, आणि जांभ्याच्या भुश्याला तर रंगही कमी लागतो.

प्रश्न : गणपतीच्या सुट्टीत मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला आणि सगळे डंजन पांढुरके झाले. काळ्या दरजा तर राखाडी दिसतात. काही करता येईल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : दमट हवेत स्प्रे मारला की द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले बाष्प त्यावर बसते आणि वॉर्निशच्या थरात अडकून धुके धरते. हवा कोरडी असलेल्या दिवशी चकचकीत वॉर्निशचा एक पातळ हात ब्रशने दिला तर बरेचसे धुके जाते. पाण्याचे, ॲक्रिलिक वॉर्निश घ्यावे. तुमची भिंत थर्माकोलची असेल तर द्रावकाचे वॉर्निश तिच्या जवळही नेऊ नये. त्यावर पुन्हा ब्रशनेच मॅट वॉर्निश लावावे. एवढे करूनही कुठे पांढरेपणा राहिला तर त्या जागी पातळ काळसर पाणी सोडून तो झाकता येतो आणि ती जागा ओल आल्यासारखी दिसते. चकचकीत वॉर्निश उरेल ते जपून ठेवा. फरशीवरच्या डबक्यांना आणि ओघळांच्या टोकांना तेच लागते. स्प्रेचे काम कोकणात नोव्हेंबर ते मार्च या काळात सकाळचे दव उडून गेल्यावर करावे, आणि बाकीचे वर्ष ब्रशवर भागवावे.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी पुठ्ठ्याच्या फरश्या करते. रंग दिला की त्या होडीसारख्या वाकतात. शिवाय रंगांवर किती खर्च करावा? (एक पालक, अलिबाग)

उत्तर : रंग आणि फेविकॉल वाळताना आकसतात आणि ज्या बाजूला ते लावले त्या बाजूला पुठ्ठा ओढला जातो. मागच्या बाजूलाही त्याच वेळी तेवढ्याच जाडीचा हात द्यावा, म्हणजे दोन्हीकडचा ताण सारखा होतो. आधीच वाकलेल्या फरश्यांना मागून पाण्याचा हलका हात देऊन, प्लॅस्टिकच्या कागदात घालून, जड पुस्तकांखाली दाबून ठेवाव्यात. पुठ्ठ्याऐवजी सनबोर्ड (प्लॅस्टिकचा हलका फोम-बोर्ड) वापरला तर वाकणे कमी होते आणि वाळवीचीही भीती उरत नाही.

खर्चाचे म्हणाल तर भिंती आणि फरश्यांसाठी महागडे परदेशी रंग घेण्याचे काहीही कारण नाही. कॅमल किंवा फेविक्रिलच्या ॲक्रिलिक रंगांतले काळा, पांढरा, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर एवढे पाच पुरतात. हिरवा लागलाच तर काळ्यात ऑकर मिसळून पाहावा, शेवाळाचा मळकट हिरवा त्यातूनच मिळतो. कोरड्या ब्रशसाठी मेकअपचा गोल, मऊ ब्रश घ्यावा, कारण या कामात चित्रकलेचा चांगला ब्रश फार लवकर झडतो. पावसाळ्यात सर्व तुकडे झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, मात्र ते आतून पूर्ण वाळले आहेत याची खात्री करूनच झाकण लावा. ओल आत कोंडली गेली तर बुरशी बंद डब्यातच अधिक लवकर धरते.